धामणपाड्यावर न पडलेली सावली

रोहिदास ठोंबऱ्यांच्या गच्चीवर जायला घरातून वाट नाही. जिना बाहेरून आहे, आणि तोही लोखंडी. मोहोपाड्याच्या ज्या केमिकल कारखान्यात त्यांनी बॉयलरपुढे उमेदीची वर्षं घालवली, तिथली एक जुनी शेड मोडीत निघाली. तेव्हा भंगारवाल्याच्या मागे लागून त्यांनी तो जिना मिळवला आणि टेंपोत आडवा घालून धामणपाड्याला आणला. अर्धा जिना टेंपोबाहेर लोंबत होता. कशेळ्याच्या नाक्यावर पदूनं टेंपो थांबवला. पदू म्हणजे त्यांचा शाळेपासूनचा सोबती, नाक्यावर जीप चालवतो.

"रोहिदास, जिना आनलास रं, पन वरती हाय काय चढायला?"

"आभाळ हाय," रोहिदास म्हणाले.

तेव्हापासून पदू त्यांना आभाळवाला म्हणतो. पदू म्हणतो म्हणून गाव म्हणतं.

जिना आतल्या खोलीच्या खिडकीला लागूनच भिंतीत बसवलाय. गजांतून हात बाहेर काढला की कठडा मुठीत येतो. त्याला कुणी हात लावला की सगळं लोखंड झणझणतं, आणि वर दुर्बिणीत धरलेला तारा नाचायला लागतो. म्हणून घरातला नियम असा की ते वर असले की जिन्याला कुणी शिवायचं नाही. चंद्राबाई, त्यांची बायको, चहा झाला की अंगणातूनच ओरडते, "अवो, उतरा खाली, न्हायतर चहा मांजरीला पाजते."

नियम मोडायची मुभा एकाच जिवाला होती. भाग्यश्री, त्यांची एकुलती लेक. ती लहान असताना रोहिदास मोहोपाड्याच्या कॉलनीत राहायचे आणि आठवड्याच्या सुट्टीला गावी यायचे. आले की अंधार पडायचा अवकाश, वर. पोरीच्या वाट्याला बाप येणार कधी? मग ती खिडकीतून हात काढायची आणि कठडा दोनदा गदागदा हलवायची. थांबायची. पुन्हा दोनदा. बाबा, मी येऊ? वरून आवाज यायचा, "ये गं माजी बाय." तारा नाचला तर नाचू दे.

दुर्बीण कॉलनीतल्या एका साहेबांची. साहेब पोराकडे परदेशी राहायला निघाले, तेव्हा एवढं धूड कुठं नेणार म्हणून ते रोहिदासांच्या गळ्यात घालून गेले. चांगलं परातीएवढ्या आरशाचं यंत्र. त्याआधी किती वर्षं हे साहेबांच्या मागे उभे राहून त्यातून बघत होते. कुणी म्हणेल मोठा शिकलेला असेल माणूस. नाही. बारावी नापास, हट्टी, थोडा बढाईखोर, आणि एकदा डोक्यात घेतलं की बैलासारखा त्याच चाकोरीत जाणारा.

गावात त्यांची दुसरीही ख्याती होती. ग्रहण लागलं की गाव दारं लावून बसायचं, पाण्यात तुळशीची पानं टाकायचं. आणि रोहिदास ओटीवर मांडी घालून सुकट-भाकर खायचे, शेजारी भाग्यश्रीला बसवून तिच्या तोंडात घास घालायचे. जाणाऱ्या-येणाऱ्याला म्हणायचे, "बघा रं, पोर वाढते का कमी व्हते?" अंबूबाई काठी आपटत जायची. पण पोर वाढली, बारावी झाली, खालापूरला दिली, आणि गेल्या थंडीत आठवा महिना लागल्यावर पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली.

त्याच थंडीत नम्रताचा फोन आला.

नम्रता पुण्याची. गावोगावच्या दुर्बीणवाल्यांची मोट बांधून आभाळातल्या एका कामाला जुंपते. ते काम तिनं रोहिदासांना जसं सांगितलं तसंच सांगतो. नेपच्यूनच्याही पलीकडे, सूर्याचा उजेड नावालाच पोचतो तिथं, बर्फाची ढेकळं फिरतायत. मोठ्यातल्या मोठ्या दुर्बिणीतून बघितलं तरी नुसता ठिपका. ते केवढं आहे, गोल आहे की बटाट्यासारखं, कसं कळणार? तर फिरता फिरता ते कधीतरी एखाद्या ताऱ्याच्या आड येतं. तेवढे काही क्षण तारा विझतो. म्हणजेच ताऱ्याच्या उजेडात त्या ढेकळाची सावली पृथ्वीवर पडते आणि सरसर पुढे जाते. सावलीच्या वाटेवर जो जो बसलाय त्यानं तारा किती वेळ विझला ते कॅमेऱ्यात धरायचं. एका गावाची एक रेघ. सगळ्या गावांच्या रेघा एकाखाली एक मांडल्या की ढेकळाचा आकार उभा राहतो.

"आणि ज्याच्याकडं विझनार नाय त्यानं काय करायचं?" रोहिदासांनी विचारलं.

"काका, तो तर फार मोलाचा. सावलीची कड कुठं संपली ते तोच सांगतो. तुम्ही कडेच्या जवळ आहात. तुमच्याकडे विझेल की नाही, मला आज सांगता येणार नाही. म्हणूनच तुम्ही हवे."

रोहिदासांनी ऐकलं, पण वरच्या कानानं. त्यांच्या मनात एवढंच राहिलं की सावली येणार. सूर्याभोवती एक फेरा घ्यायला ज्याला माणसाच्या दहा पिढ्या लागतात, ते ढेकूळ आपल्या धामणपाड्यावरून सावली ओढत नेणार. मग त्यांना दुसरं काही दिसेना.

अडचण उजेडाची. मारुतीच्या देवळापुढे पंचायतीनं उंच खांबावर दिवे लावलेत, ते रात्रभर जळतात. ओढ्यापलीकडच्या फार्महाऊसवर माळा. आणि थंडीचे दिवस, वालाला शेंगा आलेल्या, म्हणजे शेताशेतात पोपट्या. मडक्यात शेंगा भरायच्या, भांबुर्ड्याच्या पाल्यानं तोंड बंद करायचं, उलटं मडकं ठेवून वर जाळ करायचा. रोहिदासांनी एका संध्याकाळी सराव करून बघितला तर ज्वाळा, धूर आणि हाहाहीही.

ते सरपंचाकडे गेले. सरपंच म्हणाला, अर्ज द्या, सभेत ठेवू. फार्महाऊसच्या राखणदाराकडे, गजाकडे गेले. गजा म्हणाला, "शेट कॅमेऱ्यात बघतो भाऊ, माळ इझली की फोन येतो." पोपटीवाली पोरं म्हणाली, "काका, जाळ कशाला इझवताय, तुमीबी या खायाला."

तेव्हा मारुतीच्या आरतीला गाव जमलं असताना रोहिदास उठून उभे राहिले.

"आइका रं. येत्या गुरवारी सांजच्याला ताऱ्याला गिरान हाय. त्याची सावली आपल्या गावावरनं जानार."

झांजा थांबल्या.

"कंच्या ताऱ्याला?" अंबूबाईनं विचारलं. अंबूबाई गावची जुनी सुईण. बाळंतपणं आता दवाखान्यात होतात, पण पोटुशीनं काय खावं, कुठल्या कुशीवर निजावं, हा शब्द अजून तिचाच.

"तुला नाय दिसनार तो. लई बारीक हाय."

"बारीक गिरान वंगाळ," अंबूबाई म्हणाली. "मोठं दिसतं तरी."

"ह्या गिरानात दिवा लावायचा नसतो," रोहिदास म्हणाले. हा नियम त्यांनी तिथंच, उभ्या उभ्या घडवला. "दिस मावळल्यापासनं मी थाळी वाजवीपर्यंत गावात दिवा नको. पोपटी नको. चूलबी नको."

"आभाळवाल्या, तू गिरान पाळतोस?" पदू म्हणाला. "मागल्या बारीला सुकाट खात बसलावतास की वटीवर!"

लोक हसले. रोहिदास हसले नाहीत. "हे येगळं हाय," ते म्हणाले. आणि ते हसले नाहीत म्हणूनच हसणारे गप्प झाले. जो माणूस उभ्या जन्मात ग्रहणाला भ्याला नाही तो दिवे मालवा म्हणतोय, म्हणजे प्रकरण साधं नाही.

"मंग पोटुशींनी कसं करायचं?" अंबूबाईनं विचारलं.

इथं थांबता आलं असतं. हसून म्हणता आलं असतं, काय नाय गं आजी, नुसते दिवे बंद करा. पण मग दिवेही राहिले असते. सगळं गाव त्यांच्या तोंडाकडे बघत होतं.

"नेहमीसारखंच पाळा," ते म्हणाले.

आमच्याकडे नेहमीसारखं म्हणजे पोटुशी बाईनं आतल्या खोलीत एकटीनं, सरळ उताणं पडून राहायचं. कापायचं नाही, शिवायचं नाही, बोलायचं नाही. हातपाय आखडायचे नाहीत, मुठीत काही धरायचं नाही. आई जे करील ते पोटातल्या जिवाच्या अंगावर उमटतं म्हणतात.

घरी जेवताना भाग्यश्रीनं विचारलंच. "बाबा, आंबूआजी आली व्हती. मला आतल्या खोलीत पडायला सांगितलंय. खरंच पाळायचं?"

अंबूबाई अजून ओटीवर चंद्राबाईशी बोलत बसली होती. रोहिदासांनी दाराकडे बघितलं आणि आवाज बारीक केला नाही. "पाळ की एक दिस. काय जातंय तुजं?"

भाग्यश्री घास हातात धरून त्यांच्याकडे बघत राहिली. "तुमी सांगताय म्हंजे कायतरी आसंलच," ती म्हणाली आणि जेवायला लागली.

गुरुवारी गाव विझलं. देवळापुढचा खांब सरपंचानं स्वतः जाऊन बंद केला. ग्रहण म्हटल्यावर शेटनंही फार्महाऊसच्या माळा काढायला लावल्या, वर गजाला बजावलं की गाडीवर तुळशीपत्र ठेव. चुली थंड. कुत्री तेवढी बावचळून भुंकत होती. धामणपाड्यावर असा अंधार वीज आल्यापासून पडला नसेल. गच्चीवर उभ्या रोहिदासांना हुंदका यायचा बाकी राहिला. भीमाशंकरच्या बाजूचा डोंगर नुसता काळा, आणि त्याच्यावर दाणे सांडावेत तसं आभाळ.

खाली आतल्या खोलीत भाग्यश्री. चंद्राबाई बाहेर, ओटीवर बायकांत. मधून मधून दारातून विचारायची, "बरी हायस ना गं?" आतून "हूं" यायचं. बोलायचं नव्हतं ना.

दुपारपासून भाग्यश्रीची कंबर धरली होती. आठव्यात धरतेच, असं तिला वाटलं. अंधारात पडल्यावर कळा यायला लागल्या. थांबत, पुन्हा येत. पोट दगडासारखं होई. मग अंगाखाली ओलं लागलं. हे तिनं पुढे आईला सांगितलं, एकदाच, तुटक तुटक. तेवढ्यावरून मी हे लिहितोय.

वर दुर्बीण ताऱ्यावर लागली होती. कॅमेरा चालू, समोर लॅपटॉपवर एक पांढरा कण. वेळ जवळ आली तसे रोहिदास पापणी लववेनात. तेवढ्यात कण हलला. दोनदा. थांबला. पुन्हा दोनदा.

"कोन हाय रं जिन्यापाशी!" ते खाली न बघताच ओरडले. "हात काढ तिथला! हलू नको!"

कण स्थिर झाला. मग हलला नाही.

आणि विझलाही नाही.

सांगितलेली वेळ आली आणि गेली. तारा आपला तेवत राहिला. गणित थोडं चुकलं असेल, रोहिदासांनी मनाशी म्हटलं, मागाहून येईल. त्यांनी थाळी वाजवली नाही. गाव अंधारात बसून राहिलं, आणि ते तोंडातल्या तोंडात "इझ, इझ रं माज्या राजा" म्हणत त्या कणाकडे बघत राहिले. सांगून सवरून बोलावलेला पाहुणा आला नाही की माणूस वाटेकडे बघतो, तसे. किती वेळ ते त्यांनाच ठाऊक. ओटीवरून पदू हाळी देत होता, "आभाळवाल्या, दे दान सुटं गिरान! भूक लागली रं!"

शेवटी त्यांनी थाळी वाजवली. उपाशी माणसानं वाजवावी तशी, दोन ठोके.

घराघरांत दिवे लागले. चंद्राबाई आतल्या खोलीत गेली, बटण दाबलं, आणि जी ओरडली ती ओढ्यापार ऐकू गेली.

पदूनं जीप काढली. कर्जतच्या दवाखान्यानं बघितलं आणि पुढं न्या म्हणून सांगितलं. पुढं शहरात नेलं. मुलगी झाली. ओंजळीत मावेल एवढी, आणि रडायला तिला वेळ लागला. तिला काचेच्या पेटीत ठेवलं.

"आधी आणलं असतं तर?" रोहिदासांनी डॉक्टरीणबाईंना विचारलं.

"आधी आणलेलं केव्हाही बरं," त्या म्हणाल्या. "पण त्यानं नक्की काय टळलं असतं ते मला नाही सांगता येणार." त्या चांगल्या होत्या. पण रोहिदासांना वाटलं, टळलं असतं म्हणाल्या असत्या तरी बरं होतं, नसतं म्हणाल्या असत्या तरी बरं.

काचेच्या पेटीबाहेरच्या बाकावर ते बसून असताना नम्रताचा फोन आला. घरचं तिला काही माहीत नव्हतं. चित्रण पदूनं पाठवून दिलं होतं, रोहिदासांनीच घरून पाठवायला सांगितलं म्हणून.

"काका, तुमची नोंद म्हणजे सोनं आहे! जुन्नरला तारा विझला, नाशिककडे विझला, तुमच्याकडे नाही. सावली तुमच्या वरच्या अंगानं गेली. तुमच्यामुळे कड पक्की झाली."

"आमच्या गावावर पडलीच नाय?"

"अजिबात नाही. आणि चित्र किती स्वच्छ आलंय!"

"गाव आंधारात ठेवलावता सगळा."

"अहो, कशाला एवढा त्रास घेतलात? तारा चांगला ठळक होता. दिवे असते तर चित्र थोडं खरखरीत आलं असतं, एवढंच." मग ती म्हणाली, "एक विचारायचं होतं. विझण्याच्या वेळेच्या जरा आधी तारा हललाय. वारा होता का? पण वाऱ्यानं असं हलत नाही. दोनदा हललाय, थांबलाय, मग परत दोनदा."

रोहिदासांनी काचेच्या पेटीकडे बघितलं.

"वारा नव्हता," ते म्हणाले.

पोर जगली. पेटीतून बाहेर आली, दूध ओढायला लागली, मायलेकी धामणपाड्याला आल्या. पण तिची डावी मूठ उघडेना. आवळलेली ती आवळलेलीच. डॉक्टरांनी चोळायला शिकवलं, सांगितलं, वाढेल तशी सुटेलही, बघत राहू. चंद्राबाई तीळतेलाचं बोट घेऊन ती चिमुकली बोटं एकेक सोडवायची, आणि सोडली की ती पुन्हा मिटायची.

अंबूबाई बघायला आली. मूठ बघितली. मग भाग्यश्रीकडे बघून हळूच म्हणाली, "गिरानात कायतरी धरलंवतंस काय गं, मुठीत?"

भाग्यश्रीचा चेहरा चुन्यासारखा झाला. तिनं मान हलवली, नाही. आणि पोरीला पदराखाली घेतलं. रोहिदास दारात होते. त्यांनी ते बघितलं.

त्या दिवसापासून ती पोरीकडे बघताना रोखून त्या मुठीकडेच बघायची. रात्री आईला म्हणायची, "माज्यामुळं झालं गं." कसं म्हणून विचारलं तर बोलायची नाही. खालापूरहून विहीणबाईंचा निरोप आला की ग्रहणातलं पोर आहे, आधी शांत करून घ्या, मग पाठवा. जावयाचं नाव नवीन, टोलनाक्याजवळच्या हॉटेलात कामाला. साधा मुलगा. तो फोनवर म्हणायचा, "बाबा, आईचं मनावर घेऊ नका." पण न्यायला येत नव्हता.

गावानं तर ठरवूनच टाकलं होतं. बारीक गिरान, वंगाळ गिरान. आणि कुणी रोहिदासांना दोष दिला नाही, हे सगळ्यात वाईट. उलट लोक म्हणायचे, ह्यानं सांगितलं म्हणून गाव वाचलं, त्याच्याच घरावर पडलं बिचाऱ्याच्या. देवळात आता त्यांना पुढे बसवायचे. पुढचं कधी हाय रं, म्हणून विचारायचे.

बारशाला त्यांनी हट्टानं सगळ्यांना बोलावलं. विहीणबाईंना आणायला पदूला खालापूरला धाडलं. संध्याकाळी पाळणा सजला, घुगऱ्या झाल्या, आणि नाव ठेवायच्या आधी रोहिदासांनी टीव्ही उचलून ओटीवर आणला.

"काय रं, पिच्चर दावतोस?" पदूनं विचारलं.

"व्हय. त्या दिसाचा."

बायका मागे सरकल्या. एकीनं पोराचे डोळे झाकले.

पडद्यावर काळं, आणि मधोमध पांढरा कण. लोक बघत राहिले. काही होईना. एक म्हातारा पेंगायला लागला.

"काय व्हतंय ह्यात?" अंबूबाईनं विचारलं.

"काय व्हत नाय."

"मंग बघायचं काय?"

"तेच बघायचं. हा तो तारा. इझला असता तर गिरान लागलं म्हनायचं. सावली पडली म्हनायचं. बघ, इझतोय का?"

सगळे पुढे झुकले. कण तेवत होता. मग तो हलला. दोनदा. थांबला. पुन्हा दोनदा.

"गिरान!" कुणीतरी बोललं.

"ती मी," भाग्यश्री म्हणाली.

ती दाराच्या चौकटीला टेकून पोरीला घेऊन उभी होती. "बोलायचं नव्हतं, म्हनून मी खिडकीतनं जिना हलवला. बाबांना बोलवायला. हातात कठडा धरला व्हता, ह्या हातानं." तिनं डावा हात पुढे केला आणि विहीणबाईंकडे बघितलं. "म्हनून हिची मूठ. आता शांत करा नायतर काय बी करा."

"नाय," रोहिदास म्हणाले. "सावली पडलीच नव्हती गं. हे बघ ना, हालल्यावर पन तेवतोय, इझतोय का? सावली जुन्नरावरनं गेली, पुन्यावाल्या बाईनं मांडून दावलंय. तू कठडा धरलास, पाळन्याची दोरी धरावी तसा. त्यानं काय व्हत नाय. तू हाक मारलीस. मी आलो नाय."

मग ते ओटीवरच्या माणसांकडे वळले.

"गिरान नव्हतंच. मला आंधार पायजे व्हता, म्हनून मी देवळात तसं बोललो. नेहमीसारखं पाळा म्हनालो. हिनं इचारलं तवाबी पाळ म्हनालो."

विहीणबाई पडद्याकडे बघत होत्या. पदू जमिनीकडे. अंबूबाईनं काठीवर हनुवटी टेकली. तिला एक कळत नव्हतं.

"मंग जुन्नरच्या पोटुशींचं काय झालं रं?"

"काय नाय झालं," रोहिदास म्हणाले. "त्यांना कुनी सांगितलंच नव्हतं."

भाग्यश्री पुढे आली. "परत लावा," ती म्हणाली.

त्यांनी परत लावलं. ती उभ्यानंच बघत होती. तारा हलला तिथं तिनं पोरीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

"हितं तुमी ओरडलात."

"व्हय."

"हलू नको म्हनालात."

"व्हय गं."

"मी नाय हलले," ती म्हणाली, आणि पुढचं सगळं, तो कण नुसता तेवत राहतो ते सगळं, शेवटपर्यंत बघत उभी राहिली. मग आत जाऊन पाळण्यापाशी बसली. नाव ठेवायचं राहिलं होतं, ते ठेवलं. बायकांनी पाळणा म्हटला, पण आवाज लागेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी पदूच्या जीपमधून ती खालापूरला गेली. विहीणबाईंनी नातीला स्वतःच्या मांडीवर घेतलं होतं. काही पटलं होतं की लाजेकाजेस्तव, देव जाणे. अंबूबाई तर अजून म्हणते, पडली असंल थोडी, कडेकडेनं. मूठ हळूहळू सैल होतेय म्हणतात, अंगठा तेवढा आत राहतो. भाग्यश्री रोज फोन करते, आईला. बाबांना दे म्हणत नाही. राग धरलाय असंही नाही, बारशाला जे बोलायचं ते बोलून झालंय.

नम्रताचे निरोप येतात, पुढच्या महिन्यात आणखी एक आहे काका, बसाल का. रोहिदास बसतात. दिवे कुणाला मालवायला सांगत नाहीत. खांबाचा उजेड, फार्महाऊसच्या माळा, पोपटीचा धूर, सगळ्यातून जेवढं येईल तेवढं धरतात. आतल्या खोलीची खिडकी उघडी ठेवतात.

जिना जुना झालाय. मांजर चढलं तरी वाजतो. वाजला की ते दुर्बीण तशीच सोडतात आणि अनवाणी, दोन दोन पायऱ्या टाकत खाली धावतात. चंद्राबाई म्हणते, "अवो, मांजर हाय." ते खिडकीपाशी जाऊन आत बघतात, मगच वर जातात.